तिसऱ्या रविवारचा आक्षेप

"देवासमोर आणि या मंडळीसमोर, मी अमोस, तुला स्वी… स्वी… स्वी…"

"स्वीकारतो!" मी म्हणाले.

रिकाम्या चर्चमध्ये माझा आवाज असा काही घुमला की वरच्या तुळईवरची कबुतरं फडफडून उडाली. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "वा, सुवार्ता! अभिनंदन. लागलं तुझं लग्न. तुझ्याशीच."

माझी आई हसली, रिबेका आत्या तर पोट धरून हसली. मीही हसले. लग्न सहा दिवसांवर आलेलं, तालमीचा दिवस, हसायला काय लागतं?

अमोस तेवढा हसला नाही. त्याच्या हातात शपथेचा कागद होता, स्वतःच्या हातांनी छपाईचे खिळे जुळवून छापलेला. त्याने तो नीट चार घड्या घालून खिशात ठेवला, पाळकसाहेबांना "सलाम" केला आणि बाहेर जाऊन सायकलवर टांग मारली. 'सलाम'ला मात्र तो कधी अडखळत नसे.

"गेला की गं," आत्या म्हणाली. "रुसला वाटतं."

"छे! रुसतोय कशाचा?" मी म्हणाले. "उलट मी मदतच केली."

आता मी कोण आणि तो कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच सुरू झाली. गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावची. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय चोवीस, आणि तोंड म्हणाल तर दिवसभर सुरू. वडिलांनी हौसेनं सुवार्ता नाव ठेवलं. गावातले लोक मला आकाशवाणी म्हणत. कुणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य कुठे चाललंय ते मला आधीच दिसायचं. मग उगाच वाट कशाला बघायची? मी पुरं करून टाकायची. वर्गात प्रश्नही मीच विचारायची आणि उत्तरही मीच द्यायची. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, "बाई, तुमचा वर्ग फार हुशार आहे, फक्त मुलींना एकदा बोलू द्या."

अमोस भिंगारदिवे मिशन कंपाउंडमागच्या छापखान्यात खिळ्यांची अक्षरं जुळवणारा कंपोझिटर होता. उंच, सावळा, बोटं कायम शाईनं काळी. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. आमच्या शाळेची प्रगतिपुस्तकं छापून आणली तेव्हा आमची पहिली भेट झाली. तो दारात उभा राहून "प्र… प्र…" करत होता, आणि मी म्हणाले, "प्रगतिपुस्तकं ना? ठेवा तिथे. किती, दोनशे? बरं. पाणी घेणार? बसा." तो बसला आणि इतका गोड हसला की महिन्याभरात त्याच्या मामांनी येऊन मला मागणी घातली तेव्हा मी एका दमात होकार दिला. मला तो फार आवडला होता. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं, या बिचाऱ्याला माझ्यासारखीच हवी. तो अडला की मी आहेच!

साखरपुड्यानंतर तर मला चेवच चढला. वाण्याच्या दुकानात तो "सा… सा…" करत उभा दिसला, मी मागून जाऊन म्हणाले, "साखर द्या हो, दोन किलो." नगरला बस्त्याला गेलो, दुकानदारानं सुटाचा रंग विचारला, अमोस म्हणाला, "नि… नि…" मी म्हणाले, "निळा! छान दिसेल." कापड फाडलंसुद्धा. बायका कौतुकानं म्हणायच्या, "सुवार्ता, धीर लागतो बाई अशा माणसाबरोबर." मीही मान हलवायची. तालमीच्या दहा दिवस आधी बायकांच्या प्रार्थनासभेत 'धीर हेच सामर्थ्य' या विषयावर मी पाऊण तास बोलले होते. मधे दोघींनी शंका विचारायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या शंका मला आधीच कळल्या होत्या.

असो. तर शुक्रवारी तालमीत हे घडलं. संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "मी अमोसला म्हटलं, बाबा रे, मी पूर्ण शपथ वाचतो, तू नुसतं 'होय' म्हण. चालतं तसं. पण ऐकत नाही. म्हणतो, सगळी म्हणणार, माझ्या तोंडानं म्हणणार."

"हट्टीच आहे," मी म्हणाले.

"आणखी म्हणाला, सुवार्ताला उद्या छापखान्यात पाठवा." पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "चेहरा काही बरा दिसला नाही त्याचा."

मला पहिल्यांदाच धस्स झालं.

शनिवारी सकाळी मी छापखान्यात गेले. मालक लोंढेसाहेब पुढे दारात पेपर वाचत होते. त्यांनी आत बोट दाखवलं. अमोस खिळ्यांच्या खान्यांसमोर उभा होता. एक एक अक्षर उचलून डाव्या हातातल्या पट्टीत बसवत होता. मला बघून त्यानं स्टुलाकडे मान केली. मी बसले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तु… तुझं भाषण," तो म्हणाला. "मंडळीच्या मासिकात येतंय. चां… चांगलं आहे." मग जरा थांबून, "लां… लांब आहे."

मी हसले. तो हसला नाही. पट्टी खाली ठेवून फडक्याला हात पुसत माझ्यासमोर उभा राहिला.

"म… मला शाळेत…"

"शाळेत चिडवायचे?"

त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ओठ मिटले. बाई गं, ते दोन मिनिटं ओठ मिटून बसणं! पायाचा अंगठा जमिनीवर आपटत होते मी.

त्यानं सावकाश सांगितलं. शाळेत हजेरीला 'हजर' हा शब्द त्याला यायचा नाही. 'ह'वरच अडायचा. गुरुजींना घाई असायची. मग शेजारचा मुलगा याच्या वतीनं 'हजर' म्हणून टाकायचा. सात वर्षं.

"सात वर्षं मी… दु… दुसऱ्याच्या तोंडानं हजर होतो," तो म्हणाला. "माझ्या ल… लग्नात मला स्वतः ह… ह… हजर राहायचंय."

मला काय बोलावं सुचेना. म्हणून अर्थातच मी बोलले. "पण अहो, मला कळतं ना तुम्ही काय बोलणार ते! मग कशाला त्रास घ्यायचा?"

"दे… देवालाही कळतं," तो म्हणाला. "आपण मा… मागायच्या आधी कळतं. तरी तो पु… पुरं ऐकून घेतो. मधे बो… बोलत नाही."

लोंढेसाहेबांच्या पेपरचा आवाजही बंद झाला होता. म्हातारा ऐकत होता, दुसरं काय.

"आणि तुला क… कळत नाही," अमोस म्हणाला. "मला सा… साबण हवा होता."

"अं?"

"साखर नाही. सा… साबण. घरात दो… दोन किलो साखर पडलीय. मी गो… गोड खात नाही."

"अगंबाई!"

"आणि सूट. नि… निळा नको, रा… राखाडी, असं म्हणत होतो."

माझे कान तापले. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो," अमोस म्हणाला.

या दोन शब्दांना तो मुळीच अडखळला नाही. आज पंचेचाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली, पण ते दोन शब्द अजून माझ्या कानात आहेत.

तो पुन्हा खान्यांकडे वळला. पाठमोराच म्हणाला, "उद्या ति… तिसरा रविवार आहे. पाळकसाहेब विचारतील. तू वि… विचार कर. मीही करतो. आ… आक्षेप असेल तर मी उठून सांगेन."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात आणि पाळकसाहेब विचारतात, या लग्नाला कुणाचा आक्षेप असेल तर आत्ताच उठून सांगावं. कुणी उठत नसतं. ती आपली रीत. नवरामुलगाच उठणार म्हणतोय असं कधी ऐकलंय कुणी?

मी घरी आले ती गप्प. जेवताना गप्प. आईनं कपाळाला हात लावून बघितला. वडील म्हणाले, "रेडिओ बिघडला काय?" मी दार लावून रडले. नुसती भीती नव्हती, लाजही होती. पाऊण तास धीरावर बोललेली बाई मी, आणि शंका विचारणाऱ्या दोघींनाही बोलू दिलं नव्हतं. त्या रात्री प्रार्थनेला बसले आणि देवापुढेसुद्धा भराभरा बोलायला लागले. मग अमोसचं वाक्य आठवलं आणि मधेच थांबले. फार वेळ काहीच बोलले नाही. ऐकणाऱ्याला घाई दिसली नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. डावीकडे बाया, उजवीकडे बाप्ये. अमोस तिसऱ्या बाकावर, पांढरा शर्ट घालून. मी इकडे आई आणि आत्याच्या मधे. गीतं झाली, वचन झालं. पाळकसाहेबांनी वही उघडली.

"अमोस सायमन भिंगारदिवे आणि सुवार्ता मनोहर पाटोळे. यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची पुकार. कुणाचा आक्षेप असेल तर त्यानं आत्ताच उभं राहून सांगावं." आणि रीतीप्रमाणे उत्तराची वाट न बघता त्यांनी वही मिटायला घेतली.

अमोस उभा राहिला.

चर्चमध्ये कुजबुज उठली. पाळकसाहेबांची वही अर्धीच मिटलेली. "अमोस? अरे, तू नवरा आहेस."

"म… मला आ… आ… आक्षेप…"

झालं! सगळं चर्च त्याला मदत करायला लागलं. मागून एक आजोबा म्हणाले, "आक्षेप नाही म्हणतोय तो. बस रे बाळा." दुसरं कुणीतरी, "तब्येत बरी नाही का?" आत्यानं मला चिमटा काढला. "बोल की गं! तुला कळतं ना त्याचं! सांग सगळ्यांना!"

आणि खरंच, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. तीन महिने मीच त्याचं तोंड होते ना. आता मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर वाक्य पुरं झालं असतं. 'मला आक्षेप नाही.' लोक हसले असते, तो खाली बसला असता, गुरुवारी लग्न लागलं असतं. माझा अमोस माझा झाला असता. शब्द अगदी ओठांवर आला होता. मला तो हवा होता हो, फार हवा होता! आणि तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. 'आक्षेप आहे, ही बाई मला बोलू देत नाही.' गावासमोर. आणि ते खोटंही नव्हतं.

मी पदर तोंडात कोंबला. अक्षरशः दातात धरला.

"आ… आहे," अमोस म्हणाला.

आईनं माझा हात घट्ट धरला. पाळकसाहेबांनी वही बाजूला ठेवली. गंभीर होऊन म्हणाले, "सांग. आम्ही ऐकतो. सावकाश सांग."

अमोसनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांतून पाणी गाळत, तोंडात पदर धरून बसलेली. ते ध्यान बघून त्याच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला.

"माझा आ… आक्षेप… नि… नि…"

कुणी काही बोललं नाही. पंख्याची घरघर तेवढी.

"…निळ्या सु… सुटाला आहे."

मग पाळकसाहेबांच्या पोटातून हसू फुटलं, आणि मग काय विचारता! वेदीपासून दारापर्यंत सगळे हसत सुटले. मागचे आजोबा हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. तो माणूस वीस वर्षं त्या मंडळीत बसत होता. इतका मिश्किल आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्याचा विनोद पुरा होईपर्यंत कुणी थांबलंच नव्हतं.

"आणि वधूबद्दल काही?" पाळकसाहेबांनी डोळे पुसत विचारलं.

"व… वधू पसंत आहे," अमोस म्हणाला आणि खाली बसला.

मी पदर सोडला आणि हुंदका देऊन हसले. पदराला भोक पडलं होतं. ती साडी अजून आहे माझ्याकडे.

गुरुवारी लग्न झालं. नवा सूट शिवायला वेळ कुठला? लोंढेसाहेबांनी स्वतःचा राखाडी कोट दिला. बाह्या चार बोटं आखूड. पण अमोस असा ताठ उभा होता की कुणाचं बाह्यांकडे लक्ष गेलं नाही.

पाळकसाहेबांनी मान हलवली आणि अमोसनं शपथ सुरू केली. कागद न बघता. 'देवासमोर'ला अडला, 'मंडळीसमोर'ला अडला, 'सुखात'ला नाही पण 'दुःखात'ला अडला. कुठेतरी एक तान्हं रडलं आणि गप्प झालं. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होते आणि माझा अंगठा हलत नव्हता. मला कसलीच घाई नव्हती. 'स्वी'ला तो अडला, तिथेच, तालमीतल्याच जागी. पुन्हा घेतला. पुन्हा अडला. कपाळावर घाम. संपूर्ण चर्च श्वास रोखून बसलं होतं, पण एकानंही तो शब्द त्याला दिला नाही.

"…स्वीकारतो," अमोस म्हणाला. त्याच्या तोंडानं. हजर.

आता माझी पाळी.

मी तोंड उघडलं. काही नाही.

परत उघडलं. माझ्यासमोर हा काळ्या बोटांचा माणूस आखूड बाह्यांच्या कोटात उभा, आणि माझ्याकडे एक शब्द नाही. माझ्याकडे! आकाशवाणीकडे! "देवा…" म्हणाले आणि पुढे हुंदकाच आला. "देवास…" पुन्हा तेच.

बायकांच्या बाजूला चुळबूळ झाली. आत्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "देवासमोर आणि या मंडळीसमोर, म्हण की गं!" पाळकसाहेबही पुढे झुकले, मला शब्द द्यायला.

अमोसनं हात वर केला. आत्या गप्प झाली. पाळकसाहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

आणि तो थांबला. नुसता माझ्याकडे बघत, शांत. त्याला ओशाळं वाटत नव्हतं, तो अस्वस्थ नव्हता, त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. त्याला सवय होती. सात वर्षं हजेरीत, वाण्याकडे, बस्त्याला, माझ्यासमोर, तो हेच करत आला होता. लोक मला म्हणत होते, धीर लागतो बाई. आणि मी मान हलवत होते! धीर कुणाचा होता, आणि माझ्यासाठी किती दिवस धरलेला होता, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि मी आणखीच रडले.

त्यानं तेही होऊ दिलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आत्या पुढे वर्षानुवर्षं सांगायची, पाच मिनिटं. तेवढा नसेल. पण शेवटी मी श्वास घेतला आणि बोलले. सगळी शपथ, पहिल्यापासून, सावकाश, एक एक शब्द माझ्या तोंडानं. "…तुमचा स्वीकार करते."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"लागलं," ते म्हणाले. "आणि या खेपेला दुसऱ्या कुणाशी तरी लागलं!"